ओढा कसा तपासायचा: रामनदीच्या काठाने पर्यावरणशास्त्राचा पहिला धडा

पर्यावरणाचा प्रकल्प म्हटला की वहीत ओझोनचा थर येतो, वितळणारा बर्फ येतो, इकडून तिकडून कापलेली चित्रं येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पण घरामागून वाहणाऱ्या ओढ्यात एकदाही न उतरता तो पास होता येतो, आणि ही फार मोठी हानी आहे. माणसाने परिसंस्थेचं काय केलं हे शिकायला ओढ्याइतकी चांगली जागा नाही. जंगल तुटण्याआधी कसं होतं ते आज बघता येत नाही. ओढ्याचा वरचा भाग मात्र अजून थोडाफार शाबूत असतो आणि खालचा बिघडलेला असतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकाच दिवशी, चालत जाऊन बघता येतं.

इथे उदाहरणासाठी पुण्याची रामनदी घेतली आहे. भूगावजवळ खाटपेवाडीच्या बाजूला ती उगम पावते, बावधन, पाषाण करत औंधजवळ मुळेला मिळते. वर डोंगरउतार आणि शेती, खाली दाट वस्ती, मध्ये पाषाणचा तलाव, असा सगळा मामला वीसेक किलोमीटरच्या आत उरकतो. तुमच्या गावच्या ओढ्याला हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. एका ठिकाणचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिल्याने ओढ्याची तब्येत कळत नाही. वरचं आणि खालचं, पहाटेचं आणि दुपारचं, पाणी आणि त्यातले जीव, अशा जोड्या लावल्या की मगच कळते. पुढची सगळी खटपट त्या जोड्या नीट लावण्यासाठी आहे.

आधी नकाशा

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवा. त्यात ओढ्याला येऊन मिळणारे सगळे बारीक ओहोळ निळ्या रेघांनी दाखवलेले असतात. त्यातले निम्मे आज जागेवर सापडत नाहीत आणि ते न सापडणं हीच तुमची पहिली नोंद. मग गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं मागे-पुढे करून बघा. प्रवाहाची वळणं कुठे सरळ केली, पात्र कुठे अरुंद झालं, भराव कुठे पडला, हे साल घालून लिहून ठेवा.

शहरातून जाणाऱ्या नदीला निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. आखलेली असेल तर त्या रेषाही नकाशावर घ्या. निळ्या रेषेच्या आत काय उभं आहे ते चालताना मोजता येईल.

ठिकाणं ठरवणं

किमान चार ठिकाणं हवीत. पहिलं सगळ्यात वरचं, वस्तीच्या आधीचं. याला संदर्भ ठिकाण म्हणायचं. बाकीची सगळी मापं याच्याशी ताडून बघायची, म्हणून इथे घाई नको. वर गोठा, वीटभट्टी किंवा फार्महाऊस नाही ना हे चालत जाऊन बघून या. दुसरं मोठ्या नाल्याच्या तोंडाच्या थोडं वर. तिसरं त्याच नाल्याच्या खाली, पण लगेच खाली नको. नाल्याचं पाणी बराच वेळ एका काठाने वेगळंच वाहत असतं, रंगावरूनही दिसतं. दोन्ही पाणी पूर्ण मिसळेल तिथे, छोट्या ओढ्यात बहुधा शंभर-दोनशे मीटर पुढे, नमुना घ्या. चौथं आणखी किलोमीटर-दीड किलोमीटर खाली.

चौथ्याचं कारण समजून घ्या. सांडपाणी शिरलं की त्यातली घाण जिवाणू खायला लागतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. पण हे काम वेळ घेतं, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो नाल्याच्या तोंडाशी नाही, तर काही अंतर खाली. पुढे हवेतून भर पडत पडत तो पुन्हा वर येतो. १९२५ मध्ये अमेरिकेत ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी या खड्ड्याचं गणित मांडलं. तुमची चार ठिकाणं म्हणजे खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या त्या वक्ररेषेवरचे चार बिंदू. मध्ये आणखी नाले येत असतील तर वक्ररेषा वर यायचं नाव घेत नाही. आपल्या शहरांतल्या ओढ्यांची गत बहुधा हीच.

तलाव मध्ये असेल तर तलावात शिरण्याआधी एक आणि बाहेर पडल्यावर एक, अशी दोन ठिकाणं वाढवा. तलावात गाळ बसतो, पाणी तुंबून गरम होतं, शेवाळ आणि जलपर्णी वाढते. बाहेर पडणारं पाणी आत आलेल्या पाण्यापेक्षा पार वेगळं निघतं.

उतरण्याआधी

एकट्याने उतरायचं नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, रबरी हातमोजे, कापडी पिशवीऐवजी प्लास्टिकची बादली. सांडपाण्याच्या ओढ्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, तेव्हा पायाला किंवा हाताला जखम असेल तर काठावर बसून नोंदी लिहायच्या. वर धरण किंवा बंधारा असेल तर पाणी सोडायची वेळ विचारून घ्या. पावसाळ्यात वर डोंगरावर ढग दिसला तरी बाहेर या, ओढ्याला पाणी अर्ध्या तासात चढतं.

चालत नोंद

पहिल्या दिवशी एकही चाचणी करू नका, नुसतं चाला. दर शंभर मीटरला थांबायचं आणि तेवढ्या तुकड्याची एक ओळ लिहायची: पात्राची रुंदी, तळाला काय आहे (खडक, गोटे, वाळू, काळा चिखल), काठ मातीचा की काँक्रीटचा, सावली किती, कचरा कसला, आणि किती पाइप येऊन पडतात. प्रत्येक पाइपचा व्यास, तो कुठल्या काठाला आहे आणि त्यातून पाणी येतंय की नाही हे लिहा. कोरडा पाइप सोडून देऊ नका. तो रात्री वाहत असेल किंवा पावसाचा असेल.

पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या गटारातून उन्हाळ्यात पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही. त्यात कुणीतरी सांडपाण्याची जोडणी केली आहे. हा एवढा एक निष्कर्ष कुठल्याही उपकरणाशिवाय निघतो.

नाल्याचा हिशेब: बादली आणि घड्याळ

पाइप उंचावरून पडत असेल तर खाली १५ लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनदा मोजून सरासरी काढा. समजा ५ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ३ लिटर, दिवसाला सुमारे २ लाख ५९ हजार लिटर. शहरी नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानतात, म्हणजे माणशी १०८ लिटर. भागाकार करा: २,४००. एवढ्या माणसांचं सांडपाणी या एका पाइपातून थेट ओढ्यात येतंय. बादलीतला आकडा अचानक माणसांचा झाला, आणि वॉर्ड ऑफिसात हाच आकडा समजतो.

यात एक चूक हमखास होते. सकाळी सात ते नऊ या वेळात घराघरांत आंघोळी, धुणी चालू असतात आणि नाला दुपारपेक्षा कितीतरी जास्त वाहतो. सकाळचा एकच आकडा चोवीस तासांनी गुणला तर हिशेब फुगतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि जमलं तर रात्री उशिरा, असं चार वेळा मोजा.

खुद्द ओढ्याचा प्रवाह मोजायला संत्रं घ्या. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्यावर पळतो आणि वेग खोटा दाखवतो. सरळ, एकसारख्या रुंदीचा १० मीटरचा पट्टा मोजा, संत्रं वरून सोडा, वेळ लावा. २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी घासत जातं म्हणून पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणायचा: ०.३४. रुंदी २ मीटर आणि चार-पाच ठिकाणी काठी बुडवून काढलेली सरासरी खोली ०.३ मीटर असेल तर छेद ०.६ चौरस मीटर. गुणाकार ०.२०४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २०४ लिटर. नाला ३ लिटरचा आणि ओढा २०४ लिटरचा असेल तर घाण पातळ होते. एप्रिलमध्ये नाल्याचं पाणी धरूनही ओढा ५ लिटरवर आला आणि नाला ३ लिटरच राहिला, तर अर्ध्याहून अधिक ओढा म्हणजे गटारच.

विरघळलेला ऑक्सिजन

एकच रासायनिक चाचणी करायची ताकद असेल तर ही करा. मासे आणि किडे हाच ऑक्सिजन घेतात. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशाला ८.३, ३० अंशाला ७.६. पाणी जितकं गरम तितकी जागा कमी. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी म्हणून हे आकडे आणखी सहा-सात टक्क्यांनी उतरतात: २५ अंशाला ७.७ च्या आसपास. २५ अंशाला तुमचं माप ३.१ आलं तर ‘३.१’ एवढंच लिहू नका, तापमान लिहा आणि ‘४० टक्के संपृक्त’, म्हणजे मावेल त्याच्या ४० टक्के, असं लिहा. मग मे महिन्याचं माप डिसेंबरच्या मापाशी ताडता येतं.

विंकलर पद्धत कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते, आणि तिचे थेंब मोजायचे छोटे किटही मिळतात. ३०० मिलिलिटरची काचेची बूच असलेली बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भरायची, बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन मापात शिरतो, आणि घाण पाण्यात तर तो मापापेक्षा मोठा ठरतो. काठावरच २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं, बूच लावून बाटली वर-खाली उलटी करायची.

आता बाटलीकडे बघा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि कापसासारखा हळूहळू खाली बसतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका साका गडद. ऑक्सिजन अजिबात नसेल तर साका पांढरा येतो, दुधात लिंबू पिळल्यासारखा. संदर्भ ठिकाणची तपकिरी बाटली आणि नाल्याखालची पांढरी बाटली शेजारी शेजारी ठेवा. पुढचं टायट्रेशन, म्हणजे रसायन थेंबाथेंबाने टाकून मोजणं, झालं नाही तरी निम्मा अभ्यास तिथेच झाला.

साका बसल्यावर २ मिली सल्फ्युरिक आम्ल घालायचं. हातमोजे, चष्मा आणि शिक्षक, तिन्ही हजर हवेत. साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. फिकट पिवळं झालं की स्टार्चचे थेंब टाका, निळं होईल. निळं गेलं की थांबा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन. स्टार्च आधीच टाकला तर तो आयोडिन धरून ठेवतो आणि शेवटचा टप्पा पुढे ढकलला जातो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत उघड्यावर आंघोळीला योग्य पाण्यात ५ आणि मासे-वन्यजीवांसाठी ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन किमान हवा.

आता या चाचणीतला सगळ्यात मोठा सापळा. हिरवंगार, तुंबलेलं पाणी असेल तर दुपारी तीनला माप १२ सुद्धा येतं आणि अहवालात ‘उत्तम’ लिहिलं जातं. शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतं, तो पाण्यात मावणार नाही इतका होतो. रात्री तेच शेवाळ श्वासासाठी ऑक्सिजन खातं. सूर्य उगवायच्या आधी माप शून्याच्या जवळ गेलेलं असतं आणि मासे त्याच वेळी मरतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी पहाटे साडेपाच-सहाला एक आणि दुपारी तीनला एक असं माप घ्या. दोन्हींतला फरक जितका मोठा तितका नायट्रेट-फॉस्फेटचा डोस जास्त. पहाटे उठणं जड जातं, पण दुपारच्या एकट्या आकड्यावर अभ्यास उभा करणं म्हणजे वाळूवर भिंत बांधणं. आणि हे खत त्या ओढ्यापुरतं राहत नाही. रामनदीत शिरलेला फॉस्फेट मुळा, मुळा-मुठा, भीमा असा प्रवास करत उजनीच्या जलाशयाकडे जातो.

बाकीच्या चाचण्या

बीओडी म्हणजे घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. आपल्याकडे २७ अंशावर ३ दिवस बाटली अंधारात ठेवून करतात. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. नाल्याच्या पाण्याचा बीओडी सरळ करायला गेलात तर बाटलीतला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि हाती काहीच लागत नाही. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी २०० च्या घरात असतो, बाटलीत ऑक्सिजन जेमतेम ८. म्हणून पातळ करा: २० मिली नमुना घ्या आणि विरलनजल, म्हणजे पातळ करायला तयार केलेलं पाणी, घालून १ लिटरपर्यंत भरा, म्हणजे २ टक्के. शेवटी निदान २ मिलिग्रॅम वापरला गेला पाहिजे आणि निदान १ मिलिग्रॅम शिल्लक राहिला पाहिजे, तरच आकडा धरायचा. किती घाण आहे हे आधी माहीत नसतं, म्हणून १, २ आणि ५ टक्के अशा तीन बाटल्या लावा.

टीडीएस मीटर स्वस्त असतं म्हणून सगळे त्याच्यापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. ते फक्त विरघळलेले क्षार दाखवतं. जंतू, कीटकनाशक, ऑक्सिजन यातलं त्याला काही कळत नाही. पण नाला शोधायला ते फार उपयोगी पडतं, कारण सांडपाण्यात स्वयंपाकाचं आणि लघवीतलं मीठ असतं. काठाने चालत दर पन्नास मीटरला मीटर बुडवत जा. आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे पाण्याखाली काहीतरी येऊन मिळतंय.

सामू म्हणजे पीएच हिरव्या पाण्यात दुपारी ९ च्या पुढे जातो, कारण शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. याचा संबंध अमोनियाशी आहे. २५ अंशाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी, मुक्त रूपात असतो. सामू ८ ला पाच टक्के, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. म्हणजे तेवढंच सांडपाणी, पण शेवाळ वाढलेल्या तळ्यात ते माशांना कैक पटीने जास्त मारक. अमोनियाचं माप सामू आणि तापमानाशिवाय लिहिलं तर त्याचा अर्थ लावता येत नाही.

मैला मिसळल्यावर काळी पडणारी एचटूएस बाटली ओढ्याच्या पाण्यावर वाया घालवू नका, ती काळी होणारच. काठापासून जवळच्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यावर ती वापरा. ओढा जमिनीत झिरपतोय का, हे तिथे कळेल.

दगडाखालचे साक्षीदार

रसायनं त्या क्षणाचं सांगतात. रात्री कुणी टँकर रिकामा केला आणि सकाळी पाणी वाहून गेलं, तर बाटलीत काही सापडत नाही. पण दगडाखालचे किडे महिनोन् महिने तिथेच राहतात. ते मेले असतील तर आज पाणी स्वच्छ दिसून उपयोग नाही.

साधन: चौकटीला बांधलेली बारीक जाळी, अर्ध्या मिलिमीटरची असेल तर उत्तम. मच्छरदाणीचं कापड चालतं, पण त्यातून बारीक अळ्या निसटतात, तेव्हा सगळ्या ठिकाणी तेच कापड वापरा. पांढरा ट्रे, चिमटा, मऊ ब्रश, दहापट भिंग. पाणी खळाळत जातं अशा गोट्यांच्या जागी जाळी खाली धरायची, तिच्या वरच्या बाजूला पायाने तळ ढवळायचा, बरोबर तीन मिनिटं. मोठे गोटे हातात घेऊन जाळीपुढे ब्रशने पुसायचे आणि होते तसे परत ठेवायचे. जाळी ट्रेमध्ये उलटी करायची आणि दोन मिनिटं न हलता बघत बसायचं. आधी नुसता पाला दिसतो. मग पाल्याची एक काडी चालायला लागते.

ती काडी म्हणजे कॅडिस माशीची अळी. वाळूचे कण किंवा काड्या लाळेच्या रेशमाने जोडून तिने स्वतःभोवती नळी बांधलेली असते. अशा अळ्या, मे माशीची पिल्लं आणि स्टोन माशीची पिल्लं, या तिघांना मुबलक ऑक्सिजन लागतो. मे माशीच्या पिल्लाला बहुधा तीन दोऱ्यांसारख्या शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानासारखे कल्ले थरथरत असतात. टाचणीच्या (चतुरासारख्या बारीक, नाजूक कीटकाच्या) पिल्लालाही शेवटी तीन भाग असतात म्हणून घोटाळा होतो, पण ते दोऱ्यासारखे नाहीत, चपटे, पानासारखे असतात, आणि पोटाच्या कडांना कल्ले नसतात. स्टोन माशीला शेपट्या दोनच.

चतुराची पिल्लं, टाचण्या, खेकडे, पाणभुंगेरे हे मधले. थोडी घाण सोसतात. गोगलगायी आणि जळवा त्याहून जास्त सोसतात. आणि शेवटचा गट: लालभडक रक्तअळी, तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून ती जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जगते, डोकं चिखलात खुपसून शेपूट वर हलवणारे ट्युबिफेक्स किडे, आणि मागे लांब नळी काढून थेट हवेतून श्वास घेणारी उंदीरशेपटी अळी. शेवटच्या गटाखेरीज ट्रेमध्ये दुसरं काही नसेल तर त्या तुकड्यात नदी नाही.

नावं येत नसली तरी आकडा काढता येतो. ट्रेमधला माल ढवळा, ट्रेवर आधीच आखलेल्या चौकटींतून क्रमाने एकेक प्राणी उचला आणि ओळीत ठेवा. डोळ्याला हलणारे आधी दिसतात, म्हणून चौकटीचा क्रम मोडायचा नाही. प्रत्येक नवा प्राणी फक्त आधीच्याशी ताडायचा: सारखा की वेगळा? वेगळा असेल तिथे नवी ‘माळ’ सुरू झाली असं धरा. ५० प्राण्यांत ३२ माळा निघाल्या तर ३२ भागिले ५०, म्हणजे ०.६४. पन्नासच्या पन्नास रक्तअळ्या असतील तर एकच माळ, ०.०२. सातवीतली मुलंही हे अचूक करतात. झालं की सगळे प्राणी त्याच जागी परत सोडा.

इथली मोठी चूक म्हणजे वर खळाळत्या गोट्यांत जाळी धरायची आणि खाली तुंबलेल्या डोहात. डोहात मुळातच वेगळे प्राणी असतात, त्याचा दोष सांडपाण्याला देता येत नाही. दोन्हीकडे खळाळतं पाणीच शोधा. खाली खळाळ उरलाच नसेल, गाळाने गोटे गाडले गेले असतील, तर तसं लिहा. गाळ बसणं हा स्वतंत्र आघात आहे: गोट्यांमधल्या फटी बुजल्या की लपायला, अंडी घालायला जागा राहत नाही, पाणी कितीही स्वच्छ असो.

काठ

धडधाकट काठावर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज दिसतात, पाण्यालगत लव्हाळा. वाळुंजाची मुळं माती घट्ट धरतात आणि सावलीने पाणी थंड राहतं, म्हणजे ऑक्सिजनला जागा जास्त. काठ खणला, भराव टाकला की सुबाभूळ, गाजरगवत, घाणेरी, बेशरम येतात. पाणकणीस आणि अळूचं रान माजलं असेल तर वरून पोषक द्रव्यं येत आहेत. दोन्ही काठांवर दहा-दहा मीटरच्या पट्ट्यात झाडं मोजा, खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्या.

पक्ष्यांची गंमत अशी की जास्त पक्षी म्हणजे चांगली नदी असं नसतं. गुलाबी लांब पायांचे शेकाट्या थव्याने दिसले तर खाली रक्तअळ्या भरपूर आहेत असं समजा.

कधी जायचं

वर्षातून चार फेऱ्या: नोव्हेंबर, फेब्रुवारी, एप्रिलची अखेर आणि जूनमधला पहिला मोठा पाऊस झाल्यावर लगेच, पण पाणी उतरल्यावर. चौथी फेरी बहुतेक जण टाळतात. पहिला पाऊस रस्त्यावरचं तेल, टायरची धूळ, सात-आठ महिन्यांचा कचरा एका झटक्यात ओढ्यात आणतो, आणि मासे मेल्याच्या बातम्या बऱ्याचदा याच दिवसांतल्या असतात. फक्त ऑगस्टमध्ये मोजलं तर कुठलाही ओढा पास होतो.

मांडणी

एकाच कागदावर आडव्या रेघेवर उगमापासूनचं अंतर घ्या आणि त्याच्या वर पहाटेचा ऑक्सिजन, टीडीएस, माळांचा आकडा आणि शंभर मीटरमागे पाइपांची संख्या, अशा चार रेघा एकाखाली एक काढा. सगळ्या रेघा एकाच ठिकाणी वाकत असतील तर तिथे उभं राहून कारण शोधायचं. एकच रेघ वाकली तर आधी मोजणी तपासा. सरासरी काढून ‘ओढ्याचा बीओडी’ असा एक आकडा देऊ नका. स्वच्छ वरचा भाग आणि मेलेला खालचा भाग यांची सरासरी कुठल्याच जागेचं वर्णन करत नाही.

किटने काढलेले आकडे कोर्टात चालत नाहीत. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना कसा घ्यायचा, त्याचे दोन भाग करून सील कसं करायचं हे ठरवून दिलेलं आहे. तुमच्या कामाचा उपयोग त्यांना जागा आणि वेळ दाखवायला होतो: ‘नदी घाण आहे’ असं पत्र फायलीत पडून राहतं, पण ‘अमुक पुलाच्या खाली डाव्या काठाला ३०० मिलिमीटरचा पाइप, सकाळी साडेसातला सेकंदाला ३ लिटर, सोबत फोटो आणि अक्षांश-रेखांश’ असं पत्र घेऊन कुणालाही जागेवर जावं लागतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणची पाण्याची मापं प्रसिद्ध करतं. तुमच्या ओढ्याच्या पुढच्या मोठ्या नदीवरचं त्यांचं ठिकाण शोधा आणि तुमच्या रेघा त्याला जोडा.

घरी आल्यावर जाळी, बूट आणि बादली धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओल्या जाळीला चिकटलेला जलपर्णीचा एक तुकडा किंवा गोगलगायीची अंडी दुसऱ्या ओढ्यात पोचली तर तिथला आघात तुम्ही केलेला असेल. वहीत प्रत्येक ठिकाणाचा एक फोटो चिकटवा, काठावरचं एखादं न हलणारं झाड किंवा पुलाचा खांब चौकटीत येईल असा. सहा महिन्यांनी दुसरी तुकडी जाईल तेव्हा त्यांना त्याच दगडावर उभं राहता आलं पाहिजे.